पाण्यात घालून बघ

ईश्वरीच्या डोळ्यात चुना उडाला तेव्हा मी खिचडी ढवळत होते.

किंकाळी ऐकून पळी टाकली आणि बाहेर आले. पाच वर्षांची पोर अंगणवाडीच्या ओट्यावर बसून, डावा डोळा मुठीने दाबून पाय झाडत होती. तिच्यापुढे स्टीलचा पेला कलंडला होता. त्यातून पांढरा, दाट, वाफाळता लगदा फरशीवर आला होता आणि अजून बुडबुडत होता. काय आहे ते कळायला मला बोट लावायची गरज नव्हती. चुनकळी. म्हणजे भट्टीत भाजलेला, अजून पाणी न लागलेला चुना.

मी तिला बगलेत मारलं आणि पाण्याच्या पिंपाशी नेलं. खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाण्याचा मग हातात घेतला. तोवर तिची आई शीतल पळत आली. त्यांचं घर अंगणवाडीला लागूनच. मागून आजी गयाबाई आल्या. गयाबाईंनी ओट्यावरचा लगदा पाहिला, आत जाऊन तुपाची वाटी आणली आणि सरळ माझं मनगट धरलं.

"पानी लावू नको, चंद्रकला. चुना हाय तो. पान्यानं आनखी उकळंल. डोळा शिजंल पोरीचा."

गयाबाई काही वेड्या नव्हत्या. चुनकळीवर पाणी पडलं की ती उकळते, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं तेच त्या सांगत होत्या.

इथे मला थोडं थांबून माझं काम सांगितलं पाहिजे. नाहीतर तो चुना पोरीच्या मुठीत कसा आला ते कळणार नाही, आणि त्यात माझा हात किती होता तेही कळणार नाही.

मी अंगणवाडीत मदतनीस होते. आता वय झालं म्हणून घरी आहे. आमची वस्ती पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला. अंगणवाडीत दोघी असतात. सेविका शिकवते आणि रजिस्टरं लिहिते. मदतनीस झाडते, पाणी भरते, खिचडी शिजवते आणि सकाळी दारोदार फिरून मुलं गोळा करून आणते. हे झालं कागदावर. पुढे रजिस्टरं वाढली. मग मोबाईल आला. मुलांची वजनं, उंच्या, गरोदर बायांची नावं, लशी, सगळं त्यात भरायचं, आणि आमच्या वस्तीवर रेंज मिळवायला भिंतीच्या एका कोपऱ्यात उभं राहायला लागायचं. आमच्या सेविका वैशालीताई त्या कोपऱ्यात असायच्या. त्यात त्यांची चूक नव्हती. पण वीस-पंचवीस मुलं माझ्यापुढे उरायची.

मी चौथी शिकलेले. बडबडगीतं मला पाठ नव्हती आणि माझा आवाज ऐकून मुलं रडली असती. चित्रांचे तक्ते होते, त्यावर हत्ती आणि विमान. माझा हत्तीशी संबंध आला नव्हता. पण मी विटा वाहिल्या होत्या, चुना भिजवला होता, वीस हंगाम ऊस तोडला होता, शेणामातीने घरं सारवली होती. मला वस्तू ठाऊक होत्या. काय तापतं, काय फुटतं, काय कुजतं, काय वाकतं. मी तेच शिकवलं.

रीत साधी होती. रोज प्रत्येक मुलाने घरून एक वस्तू मुठीत आणायची. मूठ उघडायची नाही. गोल बसलं की एकेकाने उघडायची आणि सांगायचं, हे काय आहे, कशाचं आहे, मऊ की टणक. मग मधल्या घमेल्यात पाणी असायचं, त्यात टाकायचं. बुडतं का, तरंगतं का, भिजतं का, विरतं का. चिंचोका बुडतो, बाटलीचं झाकण तरंगतं. फुटकी बांगडी, बटण, शेंगेचं टरफल, शर्टाची चिंधी, जुना सेल. शेळीची लेंडी तर दर आठवड्याला कुणीतरी आणायचंच. ती आधी तरंगते, मग भिजते, मग तळाला जाते. मुलांना ती फार आवडायची, ताईंना आवडायची नाही.

कुणी काही विचारलं की माझं एकच उत्तर ठरलेलं असायचं. "मला काय इचारतो? पान्यात घालून बघ."

एका पोराने गुळाचा खडा आणला. घमेल्यात गुळाची नासाडी नको म्हणून मी तो पेल्यात टाकला. थोड्या वेळाने खडा नाही. पोर रडायला लागला, माझा गूळ चोरला म्हणाला. मी त्याला पेला दिला आणि म्हटलं, पिऊन बघ, इथंच आहे. तो प्याला, डोळे मोठे करून म्हणाला, "हाय की." दुसऱ्या दिवशी नऊ जणांच्या मुठीत गूळ. त्यांच्या आया भांडायला आल्या. शिक्षणाबद्दल आमच्याकडे आया सहसा भांडत नाहीत, म्हणून मला जरा बरंच वाटलं.

एकीने आईची नाकातली सोन्याची फुली आणली होती. ती बुडते हे आम्ही पाहिलं, पण मग घमेल्यातल्या चिखलात ती सापडेना. सगळी मुलं बाहेर बसवून मी ते पाणी फडक्यातून गाळलं. फुली सापडली. त्या दिवसापासून नियम केला, सोनं आणायचं नाही.

कापडाचाही धडा असायचा. सुती साडीची चिंधी आणि नायलॉनची चिंधी चिमट्यात धरून दिव्यावर धरायची. सुती जळून राख होते, फुंकली की उडते. नायलॉन वितळतं, थेंब पडतो, तो चिकटतो. चुलीपाशी कुठली साडी नेसावी ते मला वेगळं सांगावं लागत नसे. मुलं घरी जाऊन आईचा पदर धरून विचारायची, हा कंचा?

मला सगळ्यात अभिमान आहे तो पुरायच्या धड्याचा. आमच्या वस्तीतली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, पश्चिमेकडच्या कारखान्यांवर. मुलं बरोबर जातात. हंगाम संपला, पट्टा पडला म्हणतात आमच्याकडे, की उन्हाळ्यात परत येतात. शाळावाल्यांना याची अडचण वाटते, वाटायलाच पाहिजे. मी त्याचा उपयोग केला. जायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने ओट्यामागे एक खड्डा करायचा आणि त्यात चार गोष्टी पुरायच्या: झाडाचं पान, कागद, सुती चिंधी आणि गुटख्याची पुडी. पुड्या वस्तीत शोधाव्या लागत नाहीत. वर दगड ठेवायचा. परत आल्यावर पहिल्या दिवशी खणायचं. पान नाही. कागद नाही. चिंधीचे दोन धागे. पुडी जशीच्या तशी, वरची अक्षरंसुद्धा वाचता येतील अशी. सहा महिने वाट बघायला लावणारा धडा कुठल्या शाळेत आहे ते मला सांगा. पोरं गाडीतून उतरली की आधी घरी जायची नाहीत, ओट्यामागे जायची.

एकदा पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आल्या. वरून आलेली खेळण्यांची पेटी आमच्याकडे कुलपात असायची, कारण तपासणीला सगळे नग दिसले पाहिजेत. त्या दिवशी ती उघडली. मॅडमनी प्लास्टिकचा आंबा उचलून एका मुलीला विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "पिलास्टिक. तरंगतंय. चावू नका." मॅडमना आंबा हे उत्तर पाहिजे होतं. ती मुलगी म्हणजे ईश्वरी.

तर आता चुना.

ईश्वरीचे आईवडील त्या वर्षी पट्टा पडल्यावर परत आले ते एक गोणी चुनकळी घेऊन. कारखान्यात उसाचा रस साफ करायला चुना लागतो, त्यामुळे तिकडे तो सहज मिळतो. घरात ईश्वरीच्या आत्याचं लग्न होतं, भिंतींना सफेदी करायची होती. गोणी पडवीत ठेवली. गयाबाईंनी घरातल्या सगळ्यांना बजावलं, याला पाणी लागू देऊ नका.

आता पाच वर्षांच्या मुलीला, जिला मी रोज सांगत होते की कळत नसेल तर पाण्यात घालून बघ, तिला या गोणीचं काय वाटणार? तिने एक खडा काढला. सकाळी मुठीत घेऊन आली. गोल बसायची वेळ झाली नव्हती, खिचडी अर्धी व्हायची होती. तिला धीर धरवला नाही. तिने पेल्यात दोन घोट पाणी घेतलं आणि खडा टाकला.

चुनकळीची एक वाईट खोड आहे. ती लगेच उकळत नाही. पाणी पिऊन घेते, गप्प बसते, तुम्हाला वाटतं काही होत नाही. मग एकदम फुटते. ईश्वरीला काही होताना दिसेना म्हणून ती वाकली. पेल्यात तोंड घालून बघत होती.

एवढं सगळं मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मला फक्त पोर दिसत होती, आणि गयाबाईंचा हात माझ्या मनगटावर होता.

मी म्हटलं, "थोड्या पान्यानं उकळतो, गयाबाई. लई पान्यानं इझतो. हात सोडा."

"तू डागदर हायेस का? चार बुकं शिकलीस."

ही गोष्ट मला कुणी पुस्तकातून शिकवलेली नव्हती. मी परकरात होते तेव्हा दुष्काळी कामावर एका शाळेच्या इमारतीला चुना भिजवायला जायची. तिथे रहीमचाचा नावाचे मिस्त्री होते. चुन्याच्या खड्ड्यात पाणी सोडताना कुणी हात राखून सोडलं की ते ओरडायचे. म्हणायचे, "थोडं पानी दिलं की ह्यो माजतो. बुडवला की मरतो." एकदा एका बाईचा पाय खड्ड्यात गेला. बाया तेल आणायला धावल्या. चाचांनी तिला उचलून बांधकामाच्या हौदात उभी केली आणि काठावर काठी घेऊन बसले, बाहेर येऊ देईनात. ती शिव्या देत होती. तिच्या पायाची सालं गेली, पण पाय राहिला. नंतर ती माझ्याबरोबर ऊस तोडायलाही होती.

पण हे सांगायला तेव्हा वेळ कुठे होता. आणि तेवढ्यात माझ्या मांडीवरून ईश्वरी रडत म्हणाली, "मावशी, म्या पान्यात घालून बघितलं."

सगळ्यांनी ऐकलं. ताई दारात होत्या, चार-पाच बाया गोळा झाल्या होत्या. गयाबाईंनी माझं मनगट सोडलं नाही, उलट दाबलं. शीतलकडे बघून म्हणाल्या, "ऐकलं का? हिनंच शिकवलं. आन आता हीच पानी घालतीया."

त्यांचं खरं होतं. मी शिकवलं होतं.

शीतल पंचवीस वर्षांची असेल. सासूपुढे तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती मुलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. उशीर किती झाला असेल, दहा श्वास, बारा श्वास. डोळ्यात चुना असताना तेवढाही फार असतो. मग ती खाली बसली, मुलीचे दोन्ही हात आपल्या गुडघ्यांत धरले आणि म्हणाली, "आत्याबाई, मावशीचा हात सोडा."

गयाबाई म्हणाल्या, "शीतल, डोळा जाईल."

"सोडा म्हन्ले ना. मी सांगतीय."

गयाबाईंनी सोडला.

मी दोन बोटांनी पापण्या फाकवल्या. पहिला मग ओतला तेव्हा पोर अशी उसळली की शीतलच्या हनुवटीला तिचं डोकं लागून रक्त आलं. डोळा पांढरा दिसत होता, चुन्याने की भाजल्याने ते कळत नव्हतं. मी नाकाकडून कानाकडे ओतत राहिले, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाऊ नये. मोजलं नाही. थांबले नाही. ताईंनी मोबाईलवर वेळ बघितली होती, त्यांनी नंतर सांगितलं, अर्ध्या तासाला थोडं कमी. चुलीवर खिचडी करपली, तिचा वास सगळ्या वस्तीत गेला आणि आत मुलं रडत होती. त्यांना ताईंनी गप्प केलं.

उन्हाळा होता. टँकर आठवड्याने यायचा आणि पिंपातलं पाणी मुलांच्या पिण्याचं होतं. ते तळाला गेलं. मगाने खरवडल्याचा आवाज यायला लागला तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. वर बघितलं तर पलीकडच्या घरातली एक बाई हंडा घेऊन उभी होती. याच बाईने मघाशी गयाबाईंच्या बाजूने मान हलवली होती. तिने हंडा ठेवला आणि ती गेली. मग दुसरीने ठेवला. मग तिसरीने. त्यांच्या घरी तेवढंच होतं, मला ठाऊक आहे, कारण टँकरपुढे त्या माझ्याच मागे रांगेत असायच्या. चुना पाण्याने उकळतो असंच त्या धरून चालल्या होत्या. तरी पाणी आणलं. मी पुष्कळ लोकांचे उपकार मानते, पण या तिघींचे आधी मानते.

गयाबाई वाटी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसल्या होत्या. तूप उन्हाने पातळ झालं होतं.

वडापची जीप रस्त्यावर प्रवासी भरत होती. ताईंनी जाऊन ती रिकामी करवली. ड्रायव्हर बबन, आमच्याच अंगणवाडीत मोठा झालेला. आम्ही दोन कॅन पाणी घेतलं आणि मी जीपमध्येही ओतत राहिले. त्याची गादी भिजून पायाशी तळं झालं. मी म्हटलं, बाबा, तुझी सीट गेली. तो मागे न बघता म्हणाला, "वाळंल, मावशे. तू वत." पाथर्डीच्या दवाखान्यात त्यांनी बाटलीतल्या पाण्याने आणखी धुतलं आणि नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

नगरच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, पाणी कुणी घातलं? मी म्हटलं, मी घातलं. किती? म्हटलं, एक पिंप, तीन हंडे आणि दोन कॅन. डॉक्टर म्हणाले, "तेवढं घातलं म्हणून बुबुळ शिल्लक आहे."

मग त्यांनी वरची पापणी काडीवर उलटी केली. आत एक कण चिकटलेला होता, मोहरीएवढा. तो तिथे सगळा वेळ बसून भाजत होता. त्यांनी तो काढला. मी डोळा फाकवला होता, पण पापणी उलटली नव्हती. पापणी उलटते हेच मला माहीत नव्हतं. वस्तू मला ठाऊक होत्या असं मी वर लिहिलं आहे. डोळा ही वस्तू मला ठाऊक नव्हती. त्या एका कणाने बुबुळाच्या कडेला जे केलं ते गेलं नाही, तिथे फूल पडलं. तांदळाच्या कणीएवढं पांढरं. ते माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

कुणी वाचत असेल तर लक्षात ठेवा: डोळ्यात चुना गेला तर डोळ्याभोवतीचा कोरडा चुना आधी झटकून टाका, मग पाणी घाला, भरपूर घाला, थांबू नका, आणि वरची पापणी उलटून तिथेही घाला. तूप नाही, तेल नाही, दूध नाही.

पंधरा दिवस डोळा उघडेल का, दिसेल का, हे कुणी सांगेना. शीतल नगरला एका नातेवाइकाकडे राहून, डोळ्यावरची पट्टी उचलून तासातासाला थेंब घालत होती. इकडे शीतलच्या नवऱ्याने चुन्याची गोणी शेतात नेऊन खड्ड्यात विझवून टाकली. लग्न सफेदीशिवाय झालं. मी लग्नाला गेले नाही, बोलावणं नव्हतं.

कार्यालयातून चौकशी आली. मॅडमनी विचारलं, मदतनिसाने शिकवायचं नसतं, मग या कशा शिकवत होत्या? मी जे घडलं ते सांगणार होते आणि काम जाईल असं धरूनच गेले होते. माझ्या आधी वैशालीताई बोलल्या. त्या म्हणाल्या, "मीच सांगत होते शिकवायला. मोबाईलमधून मला वेळ नसतो. लिहून घ्या." त्या तरुण होत्या, पुढे बढती व्हायची होती, आणि त्यांनी मला असं कधीही सांगितलेलं नव्हतं. मॅडमनी लिहून घेतलं की नाही ते ठाऊक नाही. समज देऊन आम्हाला परत पाठवलं. बाहेर आल्यावर मी ताईंना म्हटलं, खोटं कशाला बोललात? त्या म्हणाल्या, "खोटं कसं? मी रोज बघत होते ना. थांबवलं का कधी?"

पंधरा दिवसांनी पट्टी निघाली. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून बोटं दाखवली. ईश्वरीने बरोबर सांगितली. शीतलने मला फोन केला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मावशी, दिसतंय तिला."

पुढे कधीतरी मी तिला विचारलं, सगळ्यांनी ऐकलं होतं की चूक माझी, मग माझ्याच हातात पोर का ठेवलीस? मला वाटलं होतं ती विश्वास वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "आत्याबाईच्या हातात वाटी हालत हुती. तुमचा मग हालत नव्हता." बस. याच्यापेक्षा जास्त मला नको होतं.

त्या दसऱ्याला ईश्वरी ऊसतोडीला गेली नाही. धूळ आणि धूर चालणार नव्हता. ती आजीपाशी राहिली आणि पुढे तशीच राहत गेली, त्यामुळे शाळा सलग झाली. चांगलं झालं असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. शाळेसाठी मुलीचा डोळा भाजावा लागला तर त्याला चांगलं म्हणू नये.

मी शिकवणं दोन महिने बंद ठेवलं. मुलं मुठी मिटून यायची आणि मी त्या उघडायला सांगत नसे. मग एक दिवस विचार केला की चूक पाण्यात घालायला सांगण्याची नव्हती. चूक एवढीच होती की सगळ्यालाच पाणी चालतं असं मी धरून चालले, आणि मला माहीत असलेली सगळ्यात धोक्याची वस्तू मी त्यांना कधी दाखवलीच नाही. मग पुन्हा सुरू केलं. नियम बदलला: आधी मावशीला दाखवायचं, मग पाणी. सेल बंद, गोळ्यांची पाकिटं बंद, शेतातल्या औषधाच्या बाटल्यांना हात लावायचा नाही.

आणि मग गयाबाई आल्या. दोन वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. रस्त्यात समोर आले तर पदर ओढून पलीकडे बघायच्या. एका सकाळी धाकट्या नातीचा हात धरून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मी झाडत होते. त्या म्हणाल्या, "हिला बी घे तुझ्यात."

मी म्हटलं, घेते.

"आन चुन्याचं आधी शिकीव."

त्याच आठवड्यात शिकवलं. मुलांना पार भिंतीशी बसवलं, पुढे दोरी आखली. लोखंडी घमेल्यात चार खडे ठेवले. लांब काठीला डबा बांधून थोडं पाणी सोडलं. सगळी वाट बघत राहिली. काही होत नाही, काही होत नाही, मग खडे फुटले, वाफ आली, रटरट आवाज झाला. दोन मुलं रडली. मग मी बादलीभर पाणी एकदम ओतलं आणि सगळं गप्प झालं. गयाबाई दोरीच्या मागे मुलांतच बसल्या होत्या. बघून झालं तशा उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ घमेल्याकडे बघत राहिल्या आणि घरी गेल्या. मी त्यांच्याकडून शब्दाची अपेक्षा केली नव्हती. माझ्यापेक्षा मोठ्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी मनगट सोडलं होतं, ते पुरे होतं.

ईश्वरीच्या डोळ्यात चुना उडाला त्याला आता सात वर्षं झाली. गयाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या, म्हातारपणाने, घरीच. रहीमचाचा कधीच गेले, त्यांना काही कळलं नाही. वैशालीताई आता पर्यवेक्षिका आहेत. शीतल यंदाही नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेली आहे. ईश्वरी सहावीत आहे, डाव्या डोळ्यात कडेला कणीएवढं पांढरं आहे, चष्मा नाही. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसतं.